त्याच दाराची आणखी एक किल्ली

६ जानेवारी

मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा.

दुकान सुरळीत आहे. किल्ल्या कापायचं मशीन तुम्ही बजावलं होतंत तसं रोज पुसतो. शटर कुरकुरत होतं, तेल दिलं.

तक्रार एकच, आणि ती तुम्ही मला इथे पाठवलंत त्या दिवसापासूनची आहे. अर्धं दुकान तुम्ही ज्या बाईला भाड्यानं दिलंय ती. बॅगा शिवते, चेन बदलते, पट्टे लावते, काम चोख आहे, हे सगळं मान्य. पण मधल्या प्लायवूडच्या फळीला ती सरहद्द समजते. किल्ली कापताना पितळेचा कीस उडणारच. दोन-चार कण फळीवरून पलीकडे गेले तर काल म्हणते, "अहो किल्लीवाले, तुमचं सोनं माझ्या चामड्यावर सांडतंय, उचलून न्या." मी म्हटलं, वाऱ्याला सांगा. तिनं टेबलफॅन फिरवला आणि माझ्यावर रोखला. दिवसभर माझे केस उभे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काही धक्का बसलाय का घरात.

शिवाय शिवताना गुणगुणते. रोज तेच गाणं, आणि रोज तिसऱ्या ओळीला थांबते. पुढची ओळ आता येईल, मग येईल, म्हणून मी कानस हातात धरून बसून राहतो. येत नाही. दोरा दातानं तोडते, कात्री समोर असताना. तिला काढता येईल का ते बघा.

आता मुख्य गोष्ट. मामा, मी प्रेमात पडलोय.

पुढच्या गल्लीत बालवाडी आहे, तिथल्या बाई. महिन्यापूर्वी एका लॅचची किल्ली करून न्यायला आल्या. मी किल्ली हातात दिली तर तिच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे वा, किती सुबक केलीस. शाब्बास." आणि पर्समधून कागदाची चांदणी काढून माझ्या हाताला चिकटवली. मामा, मला जन्मात कोणी शाब्बास म्हटलेलं नाही. तुम्ही तर नाहीच.

त्यानंतर त्या तीनदा आल्या. दर वेळी त्याच दाराची आणखी एक किल्ली. माणूस एका दाराच्या चार किल्ल्या कशाला करून नेईल? किल्लीसाठी नाही, एवढं मलाही कळतं.

तुमचा भाचा


११ जानेवारी

भाचेबुवा,

तुझं पत्र मी वाचलं नाही, मामीला मोठ्यानं वाचायला लावलं. मी फूटपाथवर पोतं टाकून कुलपं उघडायला बसायचो तेव्हापासूनची खोड आहे. तार आत घालायची आणि डोळे मिटायचे. काय अडलंय ते कानाला आधी कळतं. माणसांचंही तसंच आहे असं मी मानतो. मामी म्हणते मी माझंच ऐकतो.

तर जे ऐकलं ते सांगतो. बालवाडीच्या बाईंचं वर्णन आलं तेव्हा मामीचा आवाज दुकानाची पाटी वाचावी तसा सरळ होता. बॅगवालीचं आलं तेव्हा ती दोनदा हसली आणि गाण्याचं ऐकल्यावर मला म्हणाली, "विचारा त्याला, कुठलं गाणं." विचारतो. कुठलं गाणं?

आता चांदणीचं. बालवाडीची बाई दिवसभर चार वर्षांच्या पोरांना शाब्बास म्हणते. पाणी न सांडता प्यायलं, शाब्बास. बूट उलटे घातले पण स्वतः घातले, शाब्बास. संध्याकाळी तिची जीभ काय लगेच मोठ्यांची होते? मी बाजारात भाजीवाल्याचं कुलूप बघायला जातो तेव्हा तो मलाही भाव सांगतो. त्यानं मला विकायला काढलंय असं मी समजत नाही.

चार किल्ल्यांचा विचार मात्र मी केला. एका दाराच्या चार किल्ल्या म्हणजे एक तर घरात माणसं फार, नाहीतर कोणी तरी वेंधळा. तू त्या घरात राहत नाहीस. मग तो वेंधळा कोण, हे आधी शोध.

मामा


१९ जानेवारी

मामा,

तुमची चेष्टा समजली. हसून घ्या.

त्या पाचव्यांदा आल्या. मी विचारलं, "घरी माणसं बरीच दिसतात." त्या म्हणाल्या, "छे, एकच आहे, पण त्याच्यासाठी दहा किल्ल्या कमी पडतील." मी ओळखलं, म्हातारे वडील असणार. वडिलांची इतकी काळजी घेणारी मुलगी, मामा. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, पितळेचा कीस गेला. त्या म्हणाल्या, "चोळायचं नाही हं, नुसती उघडझाप करायची." फळीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. ती बॅगवाली खोकते तेव्हा हसत असते, मला माहीत झालंय.

आता तुम्हाला एक युक्ती सांगतो. तुम्ही आयुष्यभर धंदा केलात पण ही तुम्हाला सुचली नसेल. किल्ली कापून झाली की दातांची धार कानशीनं काढावी लागते, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यांच्या किल्लीला मी एक दात जरा खरखरीत ठेवतो. अगदी थोडा. किल्ली लागते, पण अडखळत लागते. माणूस चार दिवस सहन करतो, पाचव्या दिवशी परत येतो. त्या आल्या की मी घासून देणार, थोडं बोलणं होणार. कशी आहे?

अडचण अशी की त्या खरखर सांगायला कधीच येत नाहीत. येतात त्या नव्या किल्लीसाठीच. म्हणजे किल्ल्या व्यवस्थित चालतात. कशा चालतात, मला कोडं पडलंय. या वेळी दात आणखी थोडा जाड ठेवला आहे.

बॅगवालीला संशय आलाय. परवा म्हणाली, "किल्लीवाले, इतरांच्या किल्लीला तुमची कानस सोळा वेळा वाजते. बालवाडीच्या बाईंच्या किल्लीला तीनदा वाजून गप्प. कानशीला काय लाज वाटते का?" मी म्हटलं, तुम्ही तुमच्या चेनकडे बघा. ती म्हणाली, "चेन बंद असते, मला तोंडही बंद ठेवता येतं. पण दुकानावर पाटी एकच आहे, नाव दोघांचं जातं." काय अधिकार आहे हिला? हिच्या अशा बोलण्यानं माझं कामातलं लक्ष उडतं. काल तर ती आली नव्हती दुपारपर्यंत, तर मी दोन किल्ल्या उलट्या कापल्या. सवय झालीये ना कटकटीची.

हिरवा स्वेटर घालते रोज. कोपराला विरलाय. दुसऱ्यांच्या बॅगा शिवते आणि स्वतःचं कोपर शिवत नाही.

गाणं कुठलं ते मला कसं कळणार, तिसऱ्या ओळीपुढे जातच नाही.

मामा, तुम्ही पुढच्या महिन्यात या. बाईंच्या वडिलांशी बोलायला मोठं माणूस हवं.

तुमचा भाचा


२४ जानेवारी

भाचेबुवा,

आधी धंद्याचं. किल्लीचा दात मुद्दाम खरखरीत ठेवणं याला युक्ती म्हणत नाहीत. माणूस दाराशी उभा असतो, हातात सामान असतं, आणि तुझी किल्ली अडखळते. तो तुझी आठवण काढत नाही, शिव्या देतो. मी इतकी वर्षं एकाही माणसाला त्याच्या दाराबाहेर ताटकळत ठेवलेलं नाही, आणि तेवढ्यावरच आज माझं बरं चाललंय. ती किल्ली परत मागव आणि साफ करून दे. आज. पत्र खाली ठेव आणि जा.

आता दुसरं. तुझी बॅगवालीबद्दलची तक्रार मी नीट ऐकली. मामीनं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मी न सांगता. फॅन लावते, खोकते, गुणगुणते, दोरा दातानं तोडते, नाही आली तर तुझ्या किल्ल्या उलट्या कापल्या जातात. एवढा त्रास एका माणसानं का सोसावा? मी ठरवलंय. फेब्रुवारीअखेर तिची जागा काढून घेतो. ती अर्धी बाजू तू वापर. तिथे एक आरसा लाव म्हणजे केस उभे राहिले तर दिसतील.

तुला काही म्हणायचं असेल तर लगेच कळव. नसेल तर मी पुढच्या आठवड्यात तिला रीतसर लिहितो.

बाईंच्या वडिलांकडे मी येईन. आधी वडील आहेत का, ते बघ.

मामा


३० जानेवारी

दुकानाचे मालक यांना,

आपले भाचे काल दुपारी फळीवरून डोकावले आणि म्हणाले, "मामांनी ठरवलंय, फेब्रुवारीअखेर जागा सोडा." एवढं सांगून ते पुन्हा खाली बसले आणि कानस घासू लागले. मी थोडा वेळ थांबले, वाटलं आणखी काही तरी बोलतील. कानस फार वेळ वाजत होती. किल्ली मशीनवर नव्हतीच, नुसतीच घासत होते.

लेखी काही आलेलं नाही, पण घरच्या माणसानं सांगितलं म्हणजे आलंच. माझी कुरकुर नाही. आपण मला जागा दिलीत तेव्हा मी नवी होते, कोणी दारात उभं करत नव्हतं. ते मी विसरणार नाही. मोठ्या रस्त्यावर एक गाळा रिकामा आहे असं कळलंय. उद्या आणि परवा तो बघायला जाते, म्हणून माझी बाजू बंद राहील.

जाता जाता एक सांगते. आपले भाचे वाईट नाहीत. कारागीर म्हणून तर हात चांगलाच आहे. पण सध्या डोकं ठिकाणावर नाही. बालवाडीच्या बाई माणूस म्हणून छान आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. भाच्यांना कोणी तरी शाब्बास म्हटलं की ते विरघळतात. लहानपणी घरच्यांनी थोडं म्हणायला हवं होतं. घरचे म्हणजे कोण, ते आपल्याला माहीत.

आपली भाडेकरू (फेब्रुवारीअखेरपर्यंत)


५ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी गुडघ्यावर ठेवून लिहितोय कारण दुकानात बसवत नाही. सगळं सांगतो, मध्ये बोलू नका.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. झाला असं मला वाटलं. मी लगेच फळीवरून तिला सांगून टाकलं. ती भांडेल अशी माझी तयारी होती. चार उत्तरंही ठरवून ठेवली होती. ती फक्त "बरं" म्हणाली. मामा, त्या बाईनं आजवर मला कधी "बरं" म्हटलेलं नाही. दोन दिवस ती गाळा बघायला गेली आणि तिच्या बाजूला शटर अर्धं खाली. इतकं शांत होतं की मशीनचा आवाज मला स्वतःलाच खुपायला लागला.

त्याच दोन दिवसांत बाई सहावी किल्ली घेऊन गेल्या. तुम्ही सांगितलं होतंत ती साफ करून दे म्हणून. ऐकलं नाही. उलट तो दात आणखी जाड ठेवला. आता बोला.

काल दुपारी बाई धावत आल्या. किल्ली कुलपात तुटली. मी हत्यारं घेऊन निघालो. इतका गडबडलो की तुटका तुकडा काढायचा बारीक चिमटा दुकानातच राहिला. जिन्यावर पोचलो तर तिथे एक ऐंशीच्या घरातली आजी पायरीवर बसलेली, शेजारी दोन पेट्या, आणि एक उंच माणूस, बुटांना चिखल, शर्टाला कसले तरी केस चिकटलेले, कुलपाशी झटापट करत होता. बाईंनी ओळख करून दिली. "हे जनावरांचे डॉक्टर, घर यांचंच. आमचं लग्न ठरलंय. आणि या त्यांच्या आत्या, लांबून आल्यात मला बघायला."

मामा, वडील नव्हते. वेंधळा हा होता.

बाई त्याच्याकडे बघून हसत होत्या. म्हणाल्या, "पहिली किल्ली यानं गोठ्यात हरवली. दुसरी नदीत पडली. तिसरी एका कुत्र्यानं गिळली, त्याच कुत्र्याला तपासताना. चौथीचं आणि पाचवीचं त्यालाही आठवत नाही. मी काही बोलत नाही, माझ्याकडच्या किल्लीवरून नवीन करून देते." त्या माणसानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुम्हीच का ते? तुमच्यामुळे मी रोज घरात शिरतो." आणि बाई म्हणाल्या, "शाब्बास म्हण त्याला." तो म्हणाला, "शाब्बास." आत्याबाई पायरीवरून म्हणाल्या, "शाब्बासकी मागून द्या, मला आधी आत जायचंय."

चिमटा नाही. मी तसाच कुलपासमोर उभा. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे राहिलं तुमचं." बॅगवाली. चिमटा घेऊन. गाळ्याचं पक्कं करून ती दुकानावर आली होती, माझा चिमटा मशीनपाशी बघितला, मी कुणाबरोबर धावलो ते शेजारी विचारलं आणि मागे आली. जिना चढून धापा टाकत होती. टॉर्च तिनं धरला, मी तुकडा काढला, दार उघडलं.

डॉक्टर म्हणाला, "इतकी नवी किल्ली तुटली कशी?" बॅगवाली म्हणाली, "कुलूप जुनं आहे, आतून जाम झालंय." मामा, माझ्यासाठी ती तोंडावर खोटं बोलली. मग बाई सहज म्हणाल्या, "या वेळी ताई नव्हत्या ना दुकानात. त्या दर वेळी मला दारापाशी थांबवून किल्लीला पेन्सिलीचं शिसं घासून द्यायच्या. मग कशी लोण्यासारखी फिरायची."

कोडं सुटलं. मी दात खरखरीत ठेवायचो आणि ती शिसं चोळून तो गुळगुळीत करायची, प्रत्येक किल्लीला, मला एका शब्दानं न सांगता.

खाली आल्यावर मी विचारलं, का केलंत? ती म्हणाली, "पाटी एक आहे." मी म्हटलं, एवढंच? मग ती माझ्यावर बरसली. रस्ताभर. "अरे, ती म्हातारी दीड तास पायरीवर बसली होती. तुला काय वाटलं, दार म्हणजे खेळ आहे?" मी मान खाली घालून चालत होतो आणि मला कळत होतं की हिनं माझ्यावर रोज असंच ओरडावं, अगदी म्हातारपणापर्यंत. बाई मला शाब्बास म्हणायच्या तेव्हा मला फक्त मी दिसायचो. ही ओरडत होती तेव्हा ही दिसत होती. धापेनं लाल झालेली, हिरवा स्वेटर, हातात माझा चिमटा.

एवढं मनात येईपर्यंत कोपरा आला आणि ती म्हणाली, "गाळा घेतलाय मी. उद्या सामान हलवते."

आज हलवलं. पलीकडे आता चार खिळे आहेत आणि भिंत.

मामा, तुम्ही तिला लिहा. तुमचा हुकूम होता, तुम्हीच मागे घ्या. माझं ती ऐकणार नाही.

तुमचा भाचा


९ फेब्रुवारी

भाचेबुवा,

मामीनं तुझं पत्र वाचलं आणि खाली ठेवून माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. ती मागोमाग आली.

खरं ते सांगतो. मला तिला काढायचं नव्हतंच. तू माझ्याशी भांडावंस म्हणून लिहिलं होतं. तू चिडून लिहिशील, तिला काढू नका, ती असू दे, दोरा दातानं तोडते तर तोडू दे. मग मी विचारणार होतो, का रे? असा बेत होता. तू पत्र वाचून फळीवरून डोकावशील आणि थेट तिलाच सांगून मोकळा होशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. स्वतःला मी हुशार समजतो. मामी म्हणते, "हुशारी दुकानात ठेवून येत जा."

तिचं पत्र आलं त्याच दिवशी मी तिला लिहिलं होतं. हुकूम मागे घेतो, जागा तुमचीच आहे, भाड्याचंही बघू. तिनं एका ओळीत कळवलं: "नवा गाळा ऐसपैस आहे, आभार." मी कुलपं खूप उघडली आहेत पण या ओळीत तार घालायला जागा नाही.

म्हणून आता माझं काम संपलं. तुझं ऐकणार नाही म्हणतोस. तू तिला आजवर सांगितलंय काय? कीस वाऱ्यानं उडतो, हे. ते ऐकलं नाही तिनं, बरोबर केलं.

जा. तिकडे जाऊन काय बोलायचं हे मला विचारू नकोस, मी सांगितलेलं तुझ्या तोंडून आलं तर ती लगेच ओळखेल, तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. एक मात्र नक्की. युक्ती काढून जाऊ नकोस. आपल्या घराण्यात युक्त्या चालत नाहीत, आता दोन पिढ्यांचा पुरावा आहे.

मोठ्या रस्त्यावरचा तो गाळा दुसऱ्या कोणी बॅगवाल्यानं भागीत मागितला तर तुझं काय होईल, याचा रात्रभर विचार कर. मी तो विचार करणार नाही, मला झोप लागते.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

मामा म्हणते आहे. मालक म्हणायची सवय मोडायला थोडे दिवस लागतील.

आपले भाचे तेरा तारखेला आले. हातात काही नाही, दुरुस्तीला बॅग नाही, निमित्त नाही. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचंय." माझ्यासमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते गृहस्थ म्हणाले, "मी नंतर येऊ का?" मी म्हटलं, बसा, तुमची चेन अर्धी झालीये.

चेन पूर्ण केली. मग भाच्यांना म्हटलं, "आधी त्या दाराचा हिशेब पुरा कर. बालवाडीच्या बाईंना जाऊन सांग, किल्ली का तुटली ते. मी कुलपावर ढकललं ते माझं खोटं आहे, ते माझ्या अंगावर नको." त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "त्या मला काय समजतील?" मी म्हटलं, "आहेस ते समजतील. मी समजून बसलेच आहे, मला काही झालं का?"

गेला. मला वाटलं होतं दोन दिवस घेईल. तासाभरात परत आला. डॉक्टर इतके हसले म्हणे की आत्याबाईंनी आतून विचारलं, काय झालं. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला त्याच पायरीवर बसवलं आणि स्वतःची पेटी वर नेऊन ठेवायला लावली, मग खाली आणायला, मग पुन्हा वर. आणि बाईंनी काय म्हटलं असेल? "खरं बोललास, शाब्बास." त्यानं मला सांगितलं, "या वेळी काही झालं नाही. नुसता शब्द वाटला." तेव्हा मी हो म्हटलं.

आता कामाचं. लग्नानंतर कुठे बसायचं यावर आमचं तीन दिवस भांडण झालं. तो म्हणे, परत ये, मामांची जागा आहे. मी म्हटलं, मामा एकदा पत्रानं काढतात, एकदा पत्रानं ठेवतात, तिथे मला शिवताना दर टाक्याला टपाल आठवेल. माझा गाळा मोठा आहे, रस्ता वाहता आहे, आणि बॅगेला छोटं कुलूप लागतंच, त्याची किल्ली करणारा शेजारी असला तर दोघांचं गिऱ्हाईक वाढतं. त्याला पटलं. पटलं म्हणजे तो मशीन कुठे ठेवायचं ते खडूनं आखायला लागला.

तर कळवायचं ते असं की या महिन्याच्या शेवटी आपले भाचे आपलं दुकान सोडून माझ्याकडे भाडेकरू म्हणून येत आहेत. भाडं मी रीतसर घेणार आहे, नवरा झाला तरी. आपलं दुकान दोन्ही बाजूंनी रिकामं होईल. आपण हुशार आहात, काही तरी बेत कराल.

आपण आणि मामी लग्नाला याच. मामींना सांगा, गाणं कुठलं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यालाही काही तरी वाट बघायला हवी.

आपली होणारी सून,
बॅगवाली


२७ फेब्रुवारी

सूनबाई आणि भाचेबुवा,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो, म्हणजे टपाल आठवण्याची तक्रार अर्धी होईल.

मी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली, पण एका पत्रात माझा दुकानाचा राखणदार, माझा कारागीर आणि माझा भाचा असे तिघं घेऊन जाणारं, सूनबाई, तुझ्यासारखं कोणी बघितलं नाही. तिघांचं मिळून माणूस एकच, एवढाच काय तो दिलासा. मला राग आलाय का, हे ऐकायला मी स्वतःशी दोनदा मोठ्यानं बोलून बघितलं. आवाज रागाचा नव्हता. मामी आतून म्हणाली, "हसताय कशाला एकटेच?"

दुकान विकायचा विचार केला, मन होईना. भाड्यानं द्यावं तर माणूस पारखून घ्यावा लागेल, आणि माझ्या पारखीचं या महिन्यात काय झालं ते तुम्ही दोघं जाणताच. म्हणून तूर्त मीच तिकडे येऊन बसावं म्हणतो. सकाळी उघडीन, दोन कुलपं ऐकीन, दुपारी तुमच्या गाळ्यावर चक्कर मारीन. मशीन कसं लावलंय ते बघायला हवं, याचा हात चांगला असला तरी उजेड कुठून घ्यावा हे त्याला कळत नाही. सूनबाई, तुझ्या शिलाई मशीनचा पट्टाही सैल असणार, पत्रातून कसा कळला विचारू नकोस. थोडं फार सांगीन, जास्त बोलणार नाही.

लग्नाला येतोच आहोत.

भाचेबुवा, एक राहिलं. जिन्यावरचं तू मला खरं खरं लिहिलंस आणि त्या बाईंकडे जाऊन कबूल केलंस, ते बरं केलंस. यापेक्षा जास्त माझ्याच्यानं म्हणवत नाही. सूनबाई म्हणेल तेव्हा म्हणेल.

मामा

ता. क. हे मामीच्या हातचं. पत्र पाकिटात घालायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहिता येतंय. सूनबाई, ह्यांच्या येण्याला नाही म्हणू नकोस. ह्यांनी दुकानावर बसणं सोडल्यापासून दिवसभर घरात असतात आणि माझ्या कपाटाच्या बिजागऱ्या ऐकतात. तुझ्या गाळ्यात एका कोपऱ्यात एक खुर्ची ह्यांच्यासाठी ठेव. तिचं भाडं मी देईन, दर महिन्याला, आगाऊ.